ताई, माझं सॉरी सुटत नाही

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून एकाच विषयावर पाच जणांनी लिहिलंय, जणू ठरवून. म्हणून बाकीची पत्रं (फ्लॅटच्या वाटणीची तीन आहेत, ती पुढच्या अंकात, कळ काढा) बाजूला ठेवली आणि या वेळी सगळी जागा सॉरी आणि थँक्यूला दिली.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मी दिवसभर सॉरी म्हणत असते. मीटिंगमध्ये बोलायच्या आधी सॉरी, कुणाच्या टेबलापाशी गेले की सॉरी जरा डिस्टर्ब करते, रिक्षावाल्याला सुट्टे नाहीत म्हणून सॉरी, भांडी जास्त पडली म्हणून कामवाल्या मावशींना सॉरी. परवा तर दाराला धडकले आणि दाराला सॉरी म्हटलं, ते माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं बघितलं, आता तीही चमचा पडला की सॉरी म्हणते आणि ते ऐकून मला कसंतरीच होतं. नवरा म्हणाला नेटवर सांगतात ना, सॉरीच्या जागी थँक्यू म्हणायचं, 'उशीर झाला सॉरी' नाही, 'वाट बघितल्याबद्दल थँक्यू'. मी आठवडाभर केलं. ऑफिसात ठीक गेलं. घरी सासूबाईंना म्हटलं, 'आई, भाजी चिरून ठेवल्याबद्दल थँक्यू', तर त्या गप्पच झाल्या आणि संध्याकाळी नणंदेला फोनवर सांगत होत्या की आता आम्हाला घरात थँक्यू मिळायला लागलंय, पाहुण्यांसारखं. आता सॉरी म्हणू, थँक्यू म्हणू की तोंडच उघडू नको?
— दाराला सॉरी म्हणणारी, पुणे

उत्तर : अगं, आधी दाराचं मिटवून टाकू. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की पुस्तक उचलून कपाळाला लावतात, केरसुणीला लागला तर तिच्याही पाया पडतात कारण ती लक्ष्मी, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला चप्पल लागली तर त्याला हात लावून तोच हात छातीला लावायचा, बोलायचं काहीच नाही, तोही काही बोलत नाही, विषय संपला. अर्ध्या सेकंदाचं काम. तुझं दाराचं सॉरी त्याच जातीचं, फक्त हाताऐवजी तोंडातून आलं. ते राहू दे, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मीटिंगमधलं सॉरी वेगळं. तिथे तू काही केलेलंच नसतं, अजून बोललेलीही नसतेस, आणि आधीच कबूल करून मोकळी होतेस की मी मध्येच कडमडले. आणि यातली खरी गंमत अशी की आपल्याला वाटतं सॉरी म्हणजे आपण समोरच्याला काहीतरी देतोय, पण बऱ्याचदा आपण त्याला कामाला लावतो. सॉरी आलं की त्याला 'नाही नाही, असू दे' म्हणावंच लागतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, एक मैत्रीण दादरला इंडिकेटरखाली माझी वाट बघत होती आणि मी बदलापूरहून निघालेली, गाडी चुकली, पुढची लेट, पोचले तेव्हा पन्नास मिनिटं उशीर. तिनं दोन वडापाव घेऊन ठेवलेले, एक माझा. मी गेल्या गेल्या सुरू, सॉरी सॉरी सॉरी, रिक्षाच नाही मिळाली, मी ना अशीच आहे, माझं कधी वेळेवर होतच नाही, तू चिडली असशील ना, खरं सांग, चिडलीस ना. ती म्हणतेय नाही गं, मी म्हणतेय नाही, चिडलीच आहेस. पूल चढून पलीकडे उतरेपर्यंत हेच. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "ए बाई, पन्नास मिनिटं उभी मी राहिले, पाय माझे दुखतायत आणि मघापासून समजूत मीच तुझी काढतेय." वडे तोवर गार, कागद तेलानं पारदर्शक झालेला, आणि मी मघापासून त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

म्हणायला काय हवं होतं? 'चुकलं माझं' एकदा. एकदाच. आणि मग, 'अगं, पन्नास मिनिटं उभी राहिलीस, वर माझाही वडा घेऊन ठेवलास, चल आधी कुठेतरी टेक, चहा माझ्याकडून.' बघ, यात थँक्यू हा शब्दच नाहीये. पण तिनं काय केलं ते त्यात आहे, पन्नास मिनिटं आहेत, वडा आहे. सॉरीच्या पट्ट्यात सगळं 'मी मी मी' होतं, मी अशी, माझं असं, ती त्यात कुठेच नव्हती.

आता सासूबाई. त्यांचं काही चुकलं नाही बरं का. 'भाजी चिरून ठेवल्याबद्दल थँक्यू' हे वाक्य ऑफिसच्या मेलमधून उठून स्वयंपाकघरात आलंय, त्याला अजून गळ्यातलं आयकार्ड आहे. आपल्या घरांत आपल्या माणसाला धन्यवाद म्हणणं म्हणजे हिशोब चुकता केल्यासारखं वाटतं, 'मी काय परकी आहे का' हे लगेच येतं. पण म्हणून आपण आभार मानतच नाही असं नाही, आपण काय निभावलं ते सांगतो. 'आई, चिरलेली भाजी बघितली आणि जीवात जीव आला.' 'तुम्ही होतात म्हणून आज आठ पाचची बस मिळाली.' 'सुटले बाई!' हे तर दोन शब्दांचं आभारपत्र आहे, माझी आजी त्याच्या पलीकडे कधी गेली नाही आणि समोरच्याला बरोब्बर पोचायचं.

आणि एक युक्ती, ही आमच्या घरात तीन पिढ्या चाललीय. तोंडावर कौतुक केलं की जुन्या बायका अवघडतात, पदर सावरतात, 'पुरे' म्हणतात. तर तोंडावर करायचंच नाही. नणंदेला तू फोन कर, सासूबाई शेजारच्या खोलीत असताना, आणि सांग की अगं आई सकाळी भाजी चिरून ठेवतात म्हणून माझी नोकरी चाललीय. भिंतीपलीकडे बरोबर ऐकू जातं. मग संध्याकाळच्या त्यांच्या फोनमध्ये काय येतं बघ.

तुला अवघड वाटणार हे मला माहितीये, की हे सगळं नाटकी होईल, त्यांना विचित्र वाटेल. अमेरिकेत अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी याच्यावर अभ्यास केलाय, २०१८ मध्ये छापून आला. लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि विचारलं, ज्याला मिळेल त्याला किती बरं वाटेल, किती अवघडल्यासारखं होईल. मग खरंच ज्यांना पत्र मिळालं त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळणाऱ्यांना जास्त बरं वाटलं आणि अवघडलेपण कमी. म्हणजे अवघडतो तो म्हणणाराच. अर्थात ती अमेरिकेतली पत्रं होती, तुझ्या सासूबाई नव्हेत, पण तरी.

बायकाच जास्त सॉरी म्हणतात का, हे तू विचारलं नाहीस पण नेहमी येतं म्हणून सांगते. कॅनडात शूमन आणि रॉस यांनी लोकांना रोजची डायरी लिहायला लावली होती, २०१० चा अभ्यास. बायकांनी सॉरी जास्त वेळा म्हटलं हे खरं. पण आपण चुकलो, कुणाला दुखावलं असंही बायकांनीच जास्त वेळा लिहिलं. ज्याला त्यांनी स्वतः चूक म्हटलं त्यातल्या किती वेळा सॉरी म्हटलं हे प्रमाण बघितलं तर पुरुष आणि बायका सारखेच. म्हणजे पुरुष सॉरी म्हणायला कचरतात असं नाही, त्यांना मुळात 'यात सॉरी म्हणण्यासारखं काय झालं' हाच प्रश्न पडतो. मला वाटतं तुझा इलाजही तिथेच आहे. जीभ चावत बसू नको, आधी स्वतःला विचार, यात चूक झालीय का? टेबलापाशी जाणं ही चूक नाही, तिथे 'दोन मिनिटं आहेत का' एवढंच पुरे. फाईल उशिरा गेली पण कुणाचं अडलं नाही, तर 'थांबलात त्यामुळे दोन आकडे परत तपासता आले, फाईल जोडलीय'. पण तुझ्या उशिरामुळे कुणीतरी रात्री साडेनऊपर्यंत बसलं असेल तर त्याला 'थांबल्याबद्दल थँक्यू' म्हणू नको, तो थांबला नव्हता, अडकला होता. तिथे सॉरीच.

मावशींना सॉरीनं काय होणार गं? पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांग, जास्तीचे पैसे दे, आणि जाताना चहा हातात देऊन म्हण, मावशी आज तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं.

मुलीचं सोपं आहे. चमचा पडला की 'उचल, धू, परत घे'. सॉरी म्हणाली तरी तेच, नाही म्हणाली तरी तेच.

प्रश्न : माझा नाशिकला डब्यांचा धंदा आहे, सातपूर एमआयडीसीत साठ-पासष्ट डबे जातात. गेल्या महिन्यात टेम्पो बंद पडला, डबे पाऊण तास उशिरा पोचले. मी ग्रुपवर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' टाकलं तर दोघांनी बंद केलं. भाचा मार्केटिंग शिकतोय, तो म्हणतो माफी मागायचीच नाही, 'आपल्या संयमाबद्दल धन्यवाद' लिहायचं, त्यावर रिसर्च झालाय. खरं आहे का?
— डबेवाला नाही, डबे बनवणारा, नाशिक

उत्तर : भाचा हवेत बोलत नाहीये. २०२० मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये तसा अभ्यास आलाय. सेवेत गडबड झाली, उशीर झाला, तेव्हा ग्राहकाला सॉरी म्हटलं तर काय आणि थँक्यू म्हटलं तर काय हे त्यांनी तपासलं, आणि थँक्यूवाले ग्राहक जास्त समाधानी निघाले. कारण त्यांनी असं दिलंय की सॉरीत सगळा उजेड दुकानदाराच्या चुकीवर पडतो, थँक्यूत ग्राहकाच्या चांगुलपणावर, आणि माणसाला स्वतःबद्दल बरं वाटलं की त्याचा राग उतरतो.

पण दादा, तुमच्या गिऱ्हाईकाची जेवणाची सुट्टी किती? अर्धा तास ना? एक ते दीड. डबा पावणेदोनला आला म्हणजे तो माणूस उपाशी मशीनवर गेला, किंवा कँटीनमध्ये समोसा खाऊन गेला आणि तुमची पोळी-भाजी संध्याकाळी घरी नेली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. त्याला संयमाबद्दल धन्यवाद? त्यानं संयम ठेवला नव्हता, त्याच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. मुंबईच्या लोकलच्या प्लॅटफॉर्मवर जन्मभर 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' ऐकलंय, कुणाचा राग गेल्याचं मला आठवत नाही, आणि उद्या तीच बाई त्याच सुरात 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत' म्हणायला लागली तर लोक रुळावर उतरतील. शब्द बदलून भागत नाही, कारण माणसाला कळतं की हे टेपवर आहे.

मी तुमच्या जागी असते तर टेम्पो बंद पडल्या पडल्या, म्हणजे सव्वाबारालाच, ग्रुपवर टाकलं असतं की टेम्पो पपय्या नर्सरीच्या चौकात बंद पडलाय, डबे दीडच्या आधी येत नाहीत, ज्यांना थांबता येत नाही त्यांनी बाहेर खाऊन घ्या, आजचे पैसे धरणार नाही. ही माफी. तिच्यात माफी हा शब्द नसला तरी चालेल. आणि दुसऱ्या दिवशी जे टिकले त्यांच्या डब्यात वाटीभर शिरा आणि मेसेज, 'काल उपाशी राहिलात तरी आज डबा चालू ठेवलात, विसरणार नाही.' हा थँक्यू. दोन्हीची वेळ वेगळी आहे, भाच्याला एवढंच सांगा. आणि ज्या दोघांनी बंद केलं त्यांना मेसेज नको, फोन करा. परत आले नाही तरी करा.

प्रश्न : आम्ही कॅनडात, मिसिसॉगाला राहतो. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. इथे बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, आपला धक्का त्यांना लागला तरी तेच सॉरी म्हणतात. आई काहीच म्हणत नाही, नुसती हसते. माझा आठ वर्षांचा मुलगा पाणी आणून देतो तर ग्लास घेते आणि 'ठेव' म्हणते. तो मला म्हणाला, आजी रूड आहे. शेजारच्या बाईंनी बनाना ब्रेड दिला तेव्हाही आई हसलीच, आणि त्यांचा डबा धुऊन तीन दिवस आमच्याकडेच पडून होता, मला इतकं लाजल्यासारखं झालं. आईला कसं समजावू, तिला वाईट न वाटता?
— अडकित्त्यातली सुपारी, मिसिसॉगा

उत्तर : मला आधी एक सांग, तो डबा तीन दिवसांनी परत गेला तेव्हा रिकामा होता का? मी पैज लावते की नव्हता. चकल्या होत्या, नाहीतर नारळाच्या वड्या, नाहीतर निदान घरचं लोणचं. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायचा, हे सांगलीच काय, आपल्याकडे सगळीकडे शिकवलेलं असतं. तीन दिवस डबा पडून नव्हता बाई, तुझी आई परदेशातल्या ओट्यावर, नवीन गॅसवर, भाजणीशिवाय चकली कशी जमवायची याच्या विचारात होती. तिचं थँक्यू तयार व्हायला तीन दिवस लागतात, एवढंच.

जगात सगळीकडे लोक उठसूट थँक्यू म्हणतात हा एक इंग्रजी बोलणाऱ्यांचा समज आहे, असं माझं नाही, अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं आहे. सिमिअन फ्लॉइड आणि त्याच्या सोबतच्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरगुती बोलणी रेकॉर्ड करून तपासली, २०१८ ला आलं ते. मीठ दे, दार लाव, असलं काहीतरी एकानं मागितलं आणि दुसऱ्यानं केलं, असे हजारावर प्रसंग. त्यात तोंडानं आभार मानल्याचं साधारण वीसातून एकदाच निघालं. इंग्रजीत जास्त, सातातून एकदा वगैरे, म्हणजे तिथेही सहा वेळा नाहीच. आणि इक्वेडोरमधल्या चापालाआ भाषेत एकदाही नाही, त्यांच्याकडे त्याला ठरलेला शब्दच नाही. तरी माणसं एकमेकांची कामं करतच होती, बहुतेक वेळा कुरकुर न करता. घरच्यानं पाणी देणं यात विशेष काय, हे तुझ्या आईला वाटतं, ते जगातल्या बऱ्याच लोकांना वाटतं.

नातवाला हे कसं सांगशील? माझ्या माहेरी शेती होती, बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, आणि त्यांच्या कानात सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' वर्षभर जू ज्या खांद्यावर होतं तोच खांदा मळायचा, पाठ नाही, डोकं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. थँक्यू कुणी म्हणायचं नाही. ही गोष्ट आजीलाच सांगायला लाव त्याला, आठ वर्षांच्या मुलाला बैलाच्या कानात बोलायची कल्पना फार आवडते.

उलट त्याला एक वाक्य शिकव. जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव'. इंग्रजी थँक्यूपेक्षा आजीला ते जास्त भिडेल आणि त्यालाही कळेल की आजीकडेही शब्द आहेत, फक्त दुसऱ्या जागी ठेवलेत.

आणि हो, आईला बसमधलं थँक्यू मात्र शिकव. ड्रायव्हरला चकल्या देता येत नाहीत, त्याला तेवढंच कळतं, आणि दाराशी उतरता उतरता दोन अक्षरं म्हणायला काही पैसे पडत नाहीत. तिला सांग की इथे हे राम-राम म्हटल्यासारखं आहे. सॉरीचंही तेच, ती घाबरत असेल की सॉरी म्हटलं म्हणजे आपण गुन्हा कबूल केला, आपल्याकडे दोन गाड्या घासल्या की पहिला सॉरी म्हणणारा भरपाई देतो ना. तुमच्या ओंटारिओत तर २००९ पासून कायदाच आहे की दिवाणी कोर्टात नुसतं सॉरी म्हटल्याला चूक कबूल केली असं धरता येत नाही. म्हणजे तुझ्या आईनं तिकडे बिनधास्त सॉरी म्हणावं, इकडे परत आल्यावर जपून.

प्रश्न : धाकट्या भावानं दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून ६०,००० रुपये नेले, चार महिन्यांत देतो म्हणाला. विषय काढला की म्हणतो, 'दादा, तू समजून घेतोस म्हणून आहे मी, थँक्यू.' परवा माझ्या मुलीच्या फीसाठी अडलं तेव्हाही हेच म्हणाला आणि मिठी मारली. मला राग येतो आणि मग रागावल्याचीच लाज वाटते. मी कोता आहे का?
— मोठा भाऊ, अकोला

उत्तर : नाही हो. कोते नाही तुम्ही, तुमचा केसानं गळा कापला जातोय आणि तो कापताना केस फार मऊ लागतोय, म्हणून कळत नाहीये.

वर मी थँक्यूचं एवढं कौतुक केलं, ते इथे बंद. तुम्ही समजून घेतलंत हे तुम्ही ठरवायचं होतं, ते त्यानं परस्पर ठरवून वर आभारही मानून टाकले. आभार मानले की तुमची सोय संपली, आता नाही कसं म्हणणार, आपण मोठे, आपण समजूतदार. उसने घेणाऱ्यांत हे अलीकडे फार वाढलंय, पूर्वी निदान रस्ता बदलून जायचे, तेवढी तरी लाज होती.

त्याला सांगा, थँक्यू राहू दे, 'चुकलो' म्हण, आणि त्याच्यापुढे आकडा आणि तारीख लाव. ६०,००० एकदम नसतील तर महिन्याला पाच हजार, पाच तारखेला, वर्षभरात फिटतील. कागदावर लिहा, भाऊ असला तरी लिहा, उलट भाऊ आहे म्हणूनच लिहा. पहिला हप्ता आला की थँक्यू तुम्ही म्हणा. मिठी मारली तर मारू द्या, मिठीत असतानाच तारीख विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. हल्ली पाट्यांवर 'आम्ही क्षमस्व आहोत' आणि पत्रिकांत 'आपले आभार देत आहोत' वाचून डोकं उठतं. याबद्दल लिहा. दुसरं, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रत्येक कार्यक्रमात आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं आणि मी माइकपाशी जाईपर्यंत अर्धा हॉल चपला शोधायला गेलेला असतो. काय करावं?
— आभारांचे धनी, डोंबिवली

उत्तर : सर, पहिल्याचं लगेच लिहिते. क्षमस्व म्हणजे 'क्षमा कर', संस्कृतातली आज्ञा आहे ती, त्यामुळे 'आम्ही क्षमस्व आहोत' म्हणजे 'आम्ही माफ-कर आहोत', वाचताना हसूच येतं. नुसतं 'क्षमस्व' लिहा किंवा 'दिलगीर आहोत' लिहा. दिलगीर फारसीतून आलंय, दिल आणि गीर, जहांगीरमधला तोच गीर, धरणारा, म्हणजे मन धरल्यासारखं झालंय, उदास झालोय, असा त्याचा मूळ अर्थ. रस्ता खोदून ठेवणाऱ्यांचं मन खरंच धरल्यासारखं होतं का ते सोडा. आणि धन्यवाद देतात, आभार मानतात. आभार 'देत' नाहीत. झालं, आता तुमचं डोकं शांत होईल असं नाही, पण माझ्या अंगावरचं काम गेलं.

आभारप्रदर्शनाचं मात्र मनापासून सांगते, कारण मीही चपला शोधणाऱ्यांतली आहे. सर, यादी लांब असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, त्यांच्या सौ., देणगीदार, 'ज्ञात-अज्ञात' सगळे, आणि ज्यानं दुपारी तीनला येऊन ऐंशी खुर्च्या मांडल्या तो शेवटच्या 'सर्वांचे' मध्ये. तुम्ही उलटं करून बघा. आमच्या वाचनालयाच्या एका कार्यक्रमात एका बाईंनी केलं होतं, माइकवर आल्या आणि पहिलं वाक्य, 'दुपारी लाइट गेली होती, आपल्या शिपाईकाकांनी दोन मजले चढून-उतरून पंखे आणले, काका जरा पुढे या.' काका दारातून आत यायला तयार नाहीत, लोकांनीच ढकललं. निम्मे उठलेले परत बसले, काय चाललंय बघायला. मग बाईंनी अजून दोनच नावं घेतली, तीही कशासाठी ते सांगून, आणि चार मिनिटांत संपवलं. अध्यक्षांचं नाव राहिलंच, ते थोडे फुगले होते, चहाच्या वेळी ठीक झाले.

तेवढी तीन-चार नावं निवडा. आणि 'चहाची व्यवस्था बाहेर केली आहे' हे वाक्य निवेदकाला आधी म्हणू देऊ नका, ते सगळ्यात शेवटी तुम्हीच म्हणा.